काळ्या मातीत गुलबक्षी: नागपुरात पहिल्यांदा बाग करणाऱ्यांसाठी

नागपुरात नवं घर झालं, कंपाउंडच्या आत चार-सहा फुटांची पट्टी सुटली, की पहिल्याच वर्षी माणसं नर्सरीतून हौसेनं जरबेरा, डेलिया, कलमी गुलाब घेऊन येतात. नवतपा सरेपर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही आणि रिकाम्या कुंड्या जिन्याखाली रचल्या जातात. मग घरात ठरतं, की आपल्या हाताला झाडं लागत नाहीत. हातात काही खोट नसते. आपल्या उन्हाला आणि आपल्या मातीला पुरून उरेल असं झाड निवडलेलं नसतं, एवढंच.

ज्यांना बागेत रोज तासभर घालवणं जमणार नाही, आणि कात्रीनं कापलेल्या सरळ रांगांपेक्षा आपापल्या परीनं वाढणारी मोकळी बाग आवडते, त्यांना मी सगळ्यात आधी गुलबक्षी लावायला सांगते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, घरात पाण्याची ओढाताण झाली, वरचं सगळं झाड वाळून गेलं, तरी जमिनीखाली तिचा कंद जिवंत असतो आणि मृगाचा पाऊस पडला की तिथूनच कोंभ येतात. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं त्या कंदासाठी आहे. तो सांभाळलात की एकच झाड वर्षानुवर्षं फुलत राहतं.

१. आधी झाड ओळखून घ्या

गुलबक्षीचं शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. बोगनवेल आणि आपल्याकडे पावसाळ्यात कुठंही उगवणारी पुनर्नवा ही तिची सख्खी भावकी. झाड कमरेएवढं होतं, कधी त्याहून थोडं उंच. खोडाची पेरं फुगीर असतात आणि तिथंच ते पटकन मोडतं, म्हणून झाडाजवळून पाइप ओढताना जपा.

फुलं संध्याकाळी उमलतात. उन्हं उतरायला लागली की कळ्या सुटतात, रात्रभर फुलं उघडी राहतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटून जातात. ढगाळ दिवशी सकाळी बरीच उशिरापर्यंत टिकतात. हे आधीच सांगते, कारण पूजेच्या फुलांसाठी म्हणून कोणी गुलबक्षी लावली तर सकाळी परडी घेऊन गेल्यावर कोमेजलेली फुलंच हाती लागतील. पूजेसाठी जास्वंद, तगर, कण्हेर लावा. गुलबक्षी संध्याकाळी ओसरीवर बसणाऱ्यांसाठी आहे. दिवेलागणीला फुलाजवळ नाक नेलं तर मंद गोड वास येतो. त्या वासावर लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. फुलावर न बसता ते हवेतच तरंगत नळीत सोंड घालतात. पाच मिनिटं शांत उभं राहिलात तर हे अगदी हातभर अंतरावर दिसतं.

रंग गडद गुलाबी, पिवळा, पांढरा, फिका गुलाबी. काही झाडांवर पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे असतात, तर काहींवर एकाच फांदीला दोन रंगांची फुलं येतात. बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभाविता शिकवताना ज्या झाडाचं उदाहरण देतात ते हेच. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी येतं आणि त्या गुलाबीच्या पुढच्या पिढीत पुन्हा तिन्ही रंग निघतात, हे कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं गुलबक्षीवरच दाखवलं. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी तो एक. आपल्या कामाचा भाग एवढाच, की बियांतून रंगाची खात्री नसते. ठरावीक रंगच हवा असेल तर त्या झाडाचा कंद आणावा.

२. सामान जमवा

– बी किंवा कंद
– सब्बल, कुदळ, फावडं आणि एक घमेलं
– खुरपं आणि झारी
– चांगलं कुजलेलं शेणखत, नाहीतर गांडूळखत
– आच्छादनाला वाळका पाला, गवत किंवा सोयाबीनचं कुटार
– आधाराला तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या, आणि सुतळी
– हातमोजे
– बी ठेवायला कागदी पाकिटं

सब्बल यादीत उगाच नाही. उन्हाळ्यात वाळलेली काळी माती कुदळीला दाद देत नाही. खणायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी तिथं भरपूर पाणी सोडा आणि सकाळी खणा.

बियांसाठी पैसे खर्च करू नका. महाल, सक्करदरा, धंतोलीतल्या जुन्या घरांच्या अंगणात कुठं ना कुठं गुलबक्षी असतेच. आवडलेल्या रंगाच्या झाडाजवळ थांबून घरच्यांना विचारा. बी द्यायला कोणी नाही म्हणत नाही, उलट मूठभर जास्तच मिळतं. पाकिटातलं बी घेतलंत तर त्यावरची तारीख बघा.

३. जागा ठरवा

सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी दोननंतर सावली येईल अशी जागा सगळ्यात उत्तम, म्हणजे घराची पूर्वेकडची बाजू. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या विरळ सावलीतही चांगली होते. दाट सावलीत मात्र फांद्या लांबट, लुळ्या होतात आणि फूल कमी येतं.

पश्चिमेची सिमेंटची भिंत टाळा. एप्रिल-मेमध्ये ती दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. तिथंच लावायचं असेल तर भिंतीपासून दोन फूट सोडून लावा.

मोकळ्या बागेत गुलबक्षी मागे ठेवायची आणि पुढे बुटकी झाडं लावायची, कारण वाढलेल्या झाडाचा खालचा भाग उघडा पडतो. पुढे पावसाळी लिली, सदाफुली, अबोली छान दिसतात. मागे तारेचं कुंपण असेल तर त्यावर गोकर्ण सोडा. झाडं एका रेषेत न लावता तीन-पाचच्या घोळक्यांनी लावा. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. जूनमध्ये ते फार वाटतं, पण गणपतीपर्यंत सगळी जागा भरते.

४. माती: इथं घाई करू नका

नागपुरात गुलबक्षी मरते ती बहुतेक वेळा उन्हानं मरत नाही. मरते ती जुलै-ऑगस्टमध्ये, पाण्यात कंद सडून. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. काळी माती तो पाऊस धरून ठेवते, फुगते आणि तिच्यात हवा राहत नाही. तीच माती उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात बुडणं आणि उन्हाळ्यात भेगेतून उघडं पडणं, कंदाला हे दोन्ही धोके आहेत.

आधी परीक्षा करा. फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्यानं भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर जागा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तिथं जमिनीच्या पातळीवर काहीही लावू नका, वाफा उचलून घ्या.

वाफा उचलायचा म्हणजे काय? ठरवलेल्या पट्टीवरची माती सब्बलनं ढिली करा. एका घमेल्याला अर्धं घमेलं शेणखत या हिशोबानं मिसळा आणि आजूबाजूची माती ओढून आठ इंच उंचीचा, दोन्ही बाजूंना उतरता ओटा करा. कडेला विटा किंवा दगड लावले तर माती वाहून जात नाही. पाणी निघून जायला एका बाजूनं छोटी नाली ठेवा आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाणार नाही हे बघा.

यात दोन गोष्टींवर लोक हमखास फसतात. पहिली रेती. ‘माती चिकण आहे ना, दोन घमेली रेती टाका’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. चिकण मातीत थोडी रेती कालवून निचरा सुधारत नाही, उलट वाळल्यावर ती आणखी घट्ट बसते. तेच पैसे शेणखतावर घाला. कुजलेलं खत दरवर्षी घातलं की दोन-तीन पावसाळ्यांत मातीचा पोत बदलताना हाताला कळतो, ढेकूळ मुठीत फुटायला लागतं.

दुसरी फसगत नव्या लेआउटमधली. बांधकाम आटोपल्यावर प्लॉटवर मुरूम, चुरी, प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचं पाणी असं सगळं मिसळलेलं असतं आणि त्यावर शेवटी ट्रॉलीभर माती पसरून दिलेली असते. वरून छान दिसतं. सब्बल मारून बघा. अर्ध्या फुटावर गिट्टीचा आवाज आला तर तेवढ्या पट्टीतला दीड फूट मलबा काढा आणि चांगली माती भरा. गुलबक्षीचं मूळ सरळ खाली जातं, त्याला वाट लागते.

५. बी लावायचं की कंद?

बी लावलं तर भरपूर झाडं मिळतात, पण पहिल्या वर्षीचा कंद जेमतेम बोटाएवढा जाड होतो आणि पहिला उन्हाळा त्याला जड जातो. कंद लावला तर पहिल्याच पावसाळ्यात दणकट झाड तयार होतं. जुन्या झाडाचा कंद काळपट सालीचा आणि मनगटाएवढा जाड असतो, कधी त्याहूनही मोठा. तो हाताला टणक लागला पाहिजे. बोट दाबलं की आत जात असेल किंवा वास येत असेल तर घेऊ नका. जमलं तर दोन्ही लावा.

६. लावणी

जोराचे दोन-तीन पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लावा. आपल्याकडे हे साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात होतं. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीसही लावता येतं, पण नवख्या माणसानं जूनच धरावा.

बी रात्रभर पाण्यात भिजवा. कवच कठीण असतं, भिजवल्यानं लवकर रुजतं. सकाळी बोटाचं अर्धं पेर जाईल इतकंच खोल टोचा, एका जागी दोन-दोन. आठवडा-दोन आठवड्यांत रुंद, जाडसर दोन दलं वर येतात. दोन्ही रोपं आली तर जोमदार ठेवा आणि दुसरं मुळाला धक्का न लागता लहानपणीच हलवा. उशीर केला तर सरळ गेलेलं मूळ तुटतं. या दिवसांत गोगलगायी कोवळी रोपं रातोरात फस्त करतात, तेव्हा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन एक चक्कर मारा आणि वेचून काढा.

कंद लावताना त्याचा जाड भाग वर आणि निमुळता भाग खाली ठेवा. वरचं टोक मातीच्या दोन इंच खाली राहू द्या. लावल्यावर एकदा पाणी द्या आणि कोंभ दिसेपर्यंत पुन्हा हात आवरा. पाऊस आहेच.

७. पावसाळ्यातली कामं

रोप वीतभर झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या, की शेंडा खुडा. बाजूनं फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं.

जोराचा वारा-पाऊस आला की गुलबक्षी आडवी होते. झाड गुडघ्याएवढं असतानाच भोवती तीन-चार तुराट्या रोवून सुतळीचा सैल वेढा द्या. पडल्यावर उचलून बांधायला गेलात तर पेर मोडतंच.

खत लावताना दिलंय तेवढं पुरे. युरिया अजिबात नको. त्यानं पानं मोठमोठी येतात, झाड लुळं पडतं आणि फुलं मागे राहतात.

जूनमध्ये पेरलेल्या बियाला पोळ्याच्या आसपास, मारबत निघते त्या दिवसांत, पहिल्या कळ्या दिसतात. मग दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी फूल असतं.

८. थंडी आणि उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते आणि पानं पिवळी पडतात. काही झाडं वरून पूर्ण वाळतात. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीतही मातीखालचा कंद टिकतो. हे दिवस आठवड्यातून एकदा पाणी दिलंत तरी चालतात. फेब्रुवारीत खालून नवे कोंभ दिसले की पाणी वाढवा.

एप्रिल लागला की तुम्हाला ठरवावं लागेल. पाणी मुबलक असेल तर झाड हिरवं ठेवा. पहाटे, दोन-तीन दिवसांआड, मुळापर्यंत पोचेल असं भरपूर पाणी द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर फक्त वरचा थर ओला होतो. दुपारी पानं मान टाकतात, म्हणून घाबरून भर उन्हात पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात. तेव्हाही उभी राहिली नाहीत, तर पाणी कमी पडतंय.

पाण्याची टंचाई असेल तर झाडाला खुशाल झोपू द्या. एप्रिलच्या मध्यापासून पाणी कमी करत न्या. देठं वाळली की जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापा. भोवतालच्या भेगांत भुसभुशीत माती भरा आणि वर चार इंच पाला किंवा कुटार पसरा. पंधरा दिवसांतून एकदा हलकं पाणी पुरतं. पहिल्या वर्षीच्या बारक्या कंदांना मात्र असं उपाशी ठेवू नका. त्यांचा पहिला उन्हाळा आच्छादन आणि पाणी देऊनच काढा.

या काळातले तीन धोके लक्षात ठेवा.

पाइपातलं पाणी. दुपारी उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते आधी बादलीत काढा, मग झाडाला लावा.

कूलरचं पाणी. टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते झाडांना घालतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या कडेला पांढरा थर दिसतोच. ते पाणी रोज एकाच झाडाला घातलं तर मातीवरही तसाच थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. आठवड्यातून एखाद्या वेळी, जागा बदलून घाला.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे वाळलं ते मेलं असं समजून उपटणं. मे महिन्यात अंगण साफ करायला माळी येतो आणि काड्या दिसल्या की मुळासकट काढून टाकतो. त्याला आधी सांगून ठेवा आणि कंदांच्या जागी विटा किंवा कामट्या रोवून खूण करा. शंका आलीच तर खुरप्यानं थोडी माती बाजूला करून कंद दाबून बघा. टणक असेल तर तो जिवंत आहे, माती परत ओढून घ्या.

गच्चीवर कुंडीत लावायची असेल तर कुंडी किमान चौदा इंच खोल हवी. मार्च संपायच्या आत ती भिंतीच्या सावलीत न्या. गच्चीच्या फरशीवर सरळ न ठेवता विटांवर ठेवा.

९. कीड, आणि मुलाबाळांची काळजी

कीड फारशी लागत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग पाण्यात थोडं निंबोळी तेल आणि पातळ साबण मिसळून संध्याकाळ व्हायच्या आधी फवारा. म्हणजे फुलं उमलायच्या वेळेला ते वाळलेलं असतं. शेजारी जास्वंद असेल तर तीही तपासा, पिठ्या बहुतेक तिथूनच येतो.

आता हे नीट वाचा. गुलबक्षीचं बी आणि कंद विषारी आहेत. पोटात गेले तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. बी हुबेहूब काळ्या मिरीसारखं दिसतं, तेव्हा ते स्वयंपाकघरात कधीही ठेवू नका, आणि ठेवाल तिथं पाकिटावर नाव लिहा. रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर खाली पडलेलं बी रोज झाडून घ्या. कोणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे न्या आणि सोबत ते बी घेऊन जा. कंद हाताळताना हातमोजे घाला, काहींच्या कातडीला खाज सुटते.

१०. बी धरणं आणि पसारा आवरणं

फूल गळल्यावर खाली पाच पाकळ्यांची हिरवी वाटी उरते. तिच्यात आधी हिरवं, मग तपकिरी आणि शेवटी काळंभोर बी होतं. एका फुलाला एकच. बोट लावताच सुटून हातात येतं ते पक्व झालेलं. हिरवं तोडून वाळवलं तर रुजत नाही. सावलीत आठवडाभर वाळवा आणि रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत भरा. कुठल्या फांदीवर कुठला रंग होता हे संध्याकाळीच दिसतं, तेव्हाच त्या फांदीला दोरा बांधून ठेवा.

जे बी वेचलं नाही ते पुढच्या जूनमध्ये अंगणभर उगवतं. मोकळ्या बागेत ही गंमत आहे, पण तुळशीपाशी, फरशीच्या सांध्यात, नालीत आलेली रोपं लहान असतानाच उपटा. एकदा कंद जाड झाला की वरून कितीही कापलं तरी पुन्हा फुटतो.

घर बदलताना कंद न्यायचे असतील तर फेब्रुवारीत, कोंभ फुटायच्या आधी काढा. भोवती फूटभर अंतरावरून खणा, ओढू नका. माती झटकून दोन दिवस सावलीत सुकवा आणि गोणपाटात, कोरड्या भुशात ठेवा.

जास्तीचे कंद आणि बी ओळखीच्यांना द्या. उरलेलं अंबाझरीच्या काठाला किंवा गोरेवाड्याच्या बाजूला मोकळ्या रानात नेऊन टाकू नका. परदेशातून आलेलं, इतक्या सहज पसरणारं झाड आहे, तिथल्या मूळच्या झाडोऱ्यात त्याचं काम नाही. नको असलेले कंद चिरून कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच कचरागाडीत द्या.